चिठ्ठीत नसलेली औषधं

विश्रामबागेत औषधाचं दुकान चालवताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. हयगयीनं आजारी पडलेली माणसं दुकानात येतातच. पण मनापासून तब्येत सांभाळणारी आणि त्या सांभाळण्यातूनच अडचणीत आलेली माणसंही येतात. पहिल्या प्रकारच्या माणसांना सगळे उपदेश करतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण चांगल्या सवयीत खोट काढणं कुणालाच रुचत नाही. मलाही खोट काढायची नाही. पहाटे उठून चालणाऱ्या, मीठ-साखर आवरणाऱ्या, घरचं खाणाऱ्या माणसांचा मला आदरच आहे. त्यांचं काही वाईट होऊ नये, म्हणूनच हे लिहिते आहे.

आमचा भाग सांगली आणि मिरज यांच्या मधोमध. १९१९ मध्ये स्थापन झालेलं विलिंग्डन कॉलेज इथलं, १९४७ मध्ये सुरू झालेलं आणि आज वालचंद म्हणून ओळखलं जाणारं अभियांत्रिकी महाविद्यालयही इथलंच. त्यांच्या आसपास प्राध्यापक, बँकवाले, नोकरदार, निवृत्त मंडळी यांची वस्ती वाढत गेली. शेजारचं मिरज तर दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभं केलं, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे इथला माणूस शिकलेला, वाचणारा, आणि डॉक्टर त्याच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. म्हणूनच इथली दुखणी वेगळी असतात. इथं माहिती भरपूर असते, उत्साह त्याहून जास्त असतो, आणि दोन्हींचा मेळ चालू औषधांशी घातलेला नसतो.

काउंटरवर लोक जे बोलतात ते दवाखान्यात बोलत नाहीत. तिथं आत जायची गडबड असते, बाहेर नंबर लागलेले असतात. इथं गोळ्यांची पाकिटं काढेपर्यंत दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात सगळं बाहेर येतं. "ताई, आता मी रात्रीचं जेवण बंद केलंय." "साखर सोडली ओ, गूळच खातोय." "रोज दुधी-कारल्याचा रस घेतो बघा, एकदम हलकं वाटतंय." हे सांगताना चेहऱ्यावर समाधान असतं. आणि माझं लक्ष हातातल्या चिठ्ठीकडे असतं, कारण त्या चिठ्ठीला यातलं काहीच माहीत नसतं.

एका थंडीतल्या सकाळची गोष्ट सांगते. दुकान नुकतंच उघडलं होतं. नेहमी येणारे एक निवृत्त शिक्षक काउंटरला टेकून उभे राहिले. म्हणाले, "ओआरएस द्या, पाणी कमी झालंय अंगातलं." डिसेंबरची हवा, आणि त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. पाकिटातून नोट काढायला गेले तर बोटं थरथरत होती. किती पुड्या देऊ विचारलं, तर भलतंच काहीतरी उत्तर दिलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि ग्लुकोमीटर लावला. साखर ४८ होती. ७०च्या खाली गेली की धोक्याची समजतात. पाण्यात चार चमचे साखर ढवळून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग बिस्किटं खायला लावली आणि मुलाला बोलावून घेतलं. भानावर आल्यावर ते जे बोलले ते मी विसरणार नाही: "शुगर कमी यावी म्हणूनच तर हे सगळं करतोय!"

सरांनी काय केलं होतं? २०१८च्या सुमारास, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत आमच्याकडेही घरोघर पोचली. सरांनी ती मनावर घेतली. जोडीला पहाटेचं लांब चालणं सुरू केलं. वजन उतरलं, पोट गेलं, सगळे कौतुक करू लागले. मात्र मधुमेहाची गोळी तीच राहिली, ग्लिमेपिराइड, सकाळ-संध्याकाळ. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. तीन वेळा जेवणाऱ्या, फारसं न चालणाऱ्या, वजनदार माणसासाठी डॉक्टरांनी ती मात्रा बरोबरच लिहिली होती. पण तो माणूस आता उरला नव्हता. अंग उतरलेल्या माणसानं जुन्या मापाचा सदरा घातला तर तो नुसता ढगळ दिसतो. जुन्या मापाची गोळी मात्र माणसाला रस्त्यात पाडते.

ही पद्धत सांगणारेही औषधं चालू असणाऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानंच ती करायला सांगतात. पण पद्धत पसरते ती फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांतून, लग्नाच्या पंगतीतून, मोबाइलवरून. "दोनदाच खा" एवढंच पुढं जातं, त्याच्या मागचा अर्धा भाग वाटेत गळतो. सरांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी कमी केली. सर आजही चालतात, खिशात खडीसाखर असते, आणि साखर आटोक्यात आहे. सवय चांगलीच होती, फक्त ती डॉक्टरांना कळायला हवी होती.

मधुमेहासारखंच रक्तदाबाचं. मीठ कमी केलं, वजन उतरलं, व्यायाम सुरू झाला की रक्तदाब आपोआप खाली येतो. त्यासाठीच तर हे करायचं असतं. पण गोळ्या जुन्याच चालू राहिल्या की दाब गरजेपेक्षा खाली जातो. मग रात्री लघवीला उठताना अंधारी येते, माणूस न्हाणीत पडतो, आणि वय झालेलं असलं तर खुब्याचं हाड जातं. घरचे म्हणतात, पाय घसरला. त्या आठवड्यातला रक्तदाब कुणी बघितलेलाच नसतो.

मिठाच्या बाबतीत तर मला फार बोलायचं आहे. एकदा एक सूनबाई स्मरणशक्तीचं टॉनिक मागायला आल्या. सासूबाई हल्ली विसरायला लागल्या होत्या, दुपारी उठून "शाळेला उशीर झाला" म्हणत होत्या, चालताना तोल जात होता. वयामुळं असेल असं घरात ठरलं होतं. मी औषधं विचारली. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन चालू होती, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी गोळी. आहार विचारला. मीठ पूर्ण बंद. पाणी मात्र दिवसाला पाच लिटर, बाटल्या भरून, मोजून, कारण पाण्यानं शरीर साफ होतं असं कुठंतरी ऐकलेलं. मी टॉनिक दिलं नाही. आजच डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं सोडियम तपासायला सांगा म्हटलं. सोडियम १३५च्या वर हवं, त्यांचं ११८ होतं. दोन्ही सवयी शहाणपणाच्या वाटणाऱ्या, गोळीही योग्य, तिन्ही एकत्र आल्या आणि म्हातारीचा मेंदू सुजायला लागला. दवाखान्यात हळूहळू सोडियम वर आणलं, गोळी बदलली, आणि आजीबाईंची स्मरणशक्ती टॉनिकशिवाय परत आली. डोकं जड वाटतं म्हणून त्या मधल्या काळात आणखी पाणी पीत होत्या, हे नंतर कळलं.

मीठ कमी खावंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि लोणचं-पापड-भडंगात आपण त्याच्या पुढं सहज जातो. पण कमी खाणं आणि बंद करणं यात फरक आहे. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालतं. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असेल, तर तेच पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली तेव्हा मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि मुलं यांना त्यातून वगळलं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि ज्यांना ती वाचण्याची सगळ्यात गरज असते त्यांचाच चष्मा घरी राहिलेला असतो.

गुलाबी सैंधवाचंही तसंच. ते शुद्ध, नैसर्गिक म्हणून घरातलं साधं मीठ हद्दपार होतं. गलगंडाविरुद्ध आपल्या देशानं १९६२ पासून कार्यक्रम राबवला, मिठात आयोडीन घालून पिढ्याच्या पिढ्या वाचवल्या, २००६ मध्ये खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावर पुन्हा बंदी आणली. ती सारी मेहनत एका गरोदर मुलीच्या स्वयंपाकघरात, "आम्ही साधं मीठ वापरतच नाही" या एका वाक्यानं वाया जाते. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं. उपवासाच्या दिवशी सैंधव ठीक आहे. रोजचं मीठ आयोडीनचं असावं.

आता रसाच्या गाड्यांकडे वळते. सकाळी फिरायच्या मैदानांच्या दाराशी या गाड्या लागतात. स्टीलची झाकणाची भांडी ओळीनं मांडलेली: दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, कोरफड, कडुनिंब. चालून आलेली माणसं घाम पुसत उभ्या उभ्या पेला रिकामा करतात, तोंड वाकडं करतात आणि समाधानानं घरी जातात. आपल्याकडे लहानपणापासून एकच शिकवण, औषध कडूच असतं. तीच शिकवण इथं घात करते.

दुधी कधीकधी कडू निघतो. काकडीच्या कुळातल्या या वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडीपासून आणि जनावरांपासून वाचण्यासाठी वेल ती तयार करते. पाण्याचा ताण, उन्हाचा तडाखा यांनी त्यांचं प्रमाण वाढू शकतं. कडू दुधीच्या रसानं उलट्या, रक्ताचे जुलाब, रक्तदाब एकदम कोसळणं इथपर्यंत मजल जाते, आणि त्यावर उतारा असा नाही. जून २०१८ मध्ये पुण्यात सकाळी धावून आल्यावर दुधीचा रस प्यायलेल्या एका महिलेचा काही दिवसांत मृत्यू झाला, हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं. त्याआधीच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं समिती नेमून अशा घटनांचा अभ्यास केला होता. तो २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. समितीचा सल्ला अगदी साधा होता. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून बघा, कडू लागली तर फेकून द्या, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका.

या शेवटच्या वाक्यात सगळं आहे. दुधीत कारलं मिसळलं की दुधी कडू आहे की नाही हे जिभेला कळायचा मार्गच बंद होतो. कडू लागलं तर थुंकायचं, ही समज माणसाला जन्मतः असते. आपण ती मोठ्या निग्रहानं दाबून टाकतो आणि त्याला पथ्य म्हणतो. दुधीची भाजी करताना कुठल्याही घरातली बाई आधी फोड चाखते. गाडीवरच्या पेल्यात ती चाखणारी बाई नसते.

करोनाच्या काळात हेच काढ्यांचं झालं. मार्च २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात इस्लामपूरला रुग्ण सापडले आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्या दिवसांत दुकानात व्हिटॅमिन सी, झिंक मिळेना, आणि बंगल्याबंगल्यातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीला दिवस चांगले आले. लोक रोज कांडं कुटून काढा घ्यायला लागले, महिनोन् महिने. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढं देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून आणखी रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही, वेलीची ओळख चुकली असेल असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वादात मी पडत नाही. माझ्यासमोरचा प्रश्न व्यवहारातला आहे. परसातली वेल नेमकी कुठली, कांडं किती बोटं, किती दिवस घ्यायचं, थायरॉइडसारखा स्वतःच्याच पेशींवर उलटणारा आजार अंगात आधीपासून आहे का, यातलं काहीच न ठरवता घेतलेल्या काढ्याला कुठल्याच शास्त्राचा आधार नसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एक अध्याय मापात आहार घेण्यापासूनच सुरू होतो. आयुर्वेदाचं नाव घेणाऱ्यांनी निदान माप तरी सोडू नये.

हळदीबद्दल लिहिताना सांगलीकर म्हणून मी जरा हळवी होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं खराब केली, तरी हळद म्हटलं की सांगली हे नातं तुटलं नाही. आपल्या आज्या फोडणीत चिमूटभर हळद घालत आल्या आणि कुणाला काही झालं नाही. कॅप्सूलमध्ये मात्र हळदीतलं कर्क्युमिन वेगळं काढून, घट्ट करून भरलेलं असतं, आणि ते अंगात जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्यातलं पायपेरिन घातलेलं असतं. पायपेरिननं हे शोषण किती वाढतं ते १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवून दिलं: माणसात वीस पट. वीस पट शोषली जाणारी वस्तू ही भाजीतली हळद राहत नाही, ते औषध होतं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचीही भीती असते. कॅप्सूल मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते, दुसरी कोणती औषधं चालू आहेत.

रक्त पातळ ठेवायच्या गोळीवरून आठवलं. मिरजेला हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेले रुग्ण आमच्याकडे ॲसिनोकुमारॉल न्यायला येतात. या गोळीचं आणि पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केचं नातं सरळ उलटं आहे. एका घरात आईला अशक्तपणा वाटतो म्हणून मुलीनं रोज वाटीभर पालकाचं सूप सुरू केलं. पुढच्या पीटी-आयएनआर तपासणीत रक्त घट्ट व्हायला लागल्याचं दिसलं. मुलगी रडायला लागली, म्हणाली, "पालकच दिला ओ, विष थोडंच दिलं!" तिला मी सांगितलं, पालेभाजी सोडायची नाही. आठवड्यात जेवढी नेहमी खाता तेवढीच खायची, एकदम वाढवायची नाही, एकदम बंद करायची नाही. गोळीची मात्रा तुमच्या ताटाशी जुळवलेली असते. ताट बदलणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडे, अशी लिहिलेली असते. फायदा वाटतो म्हणून कुणी ती वर्षानुवर्षं घेत राहतं, कुणी रोज घेतं. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि शेवटी मूत्रपिंडावर ताण. चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला दोन वर्षांपूर्वीचा फोटो दाखवून "तेवढी पुडी द्या की" म्हणणाऱ्याला नाही म्हणताना वाईटपणा येतो. तो मी घेते.

आणि पाय. दवात भिजलेल्या हिरवळीवर अनवाणी चालायचं, म्हणजे डोळे सुधारतात, उष्णता जाते, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. निरोगी माणसानं खुशाल चालावं. मधुमेह जुना झाला की तळपायाची जाणीव जाते, आणि जाणीव गेली आहे याची जाणीवही नसते. कापूस आणि बँडेजपट्टी मागायला आलेल्या एका काकांना मी जखम दाखवा म्हटलं. मोजा काढला, तर अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा खड्डा, कडेला पांढरी कातडी, आणि आत बाभळीच्या काट्याचं काळं टोक. काका म्हणाले, "दुखत नाही ओ अजिबात." न दुखणं हेच मोठं दुखणं होतं. मिरजेला पाठवलं. बोट वाचलं, पण जखम भरायला कितीतरी महिने गेले, आणि तेवढे महिने त्यांचं चालणंच बंद राहिलं.

या सगळ्यांत मला एक समान धागा दिसतो. वाईट सवय माणूस लाजत का होईना, डॉक्टरांना सांगतो, कारण डॉक्टर विचारतात: तंबाखू? दारू? चांगली सवय कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. तिला औषधांच्या यादीत जागाच नसते. आणि तिच्यामुळं त्रास व्हायला लागला तरी संशय तिच्यावर जात नाही. उलटी झाली तर "शरीरातली घाण बाहेर पडतेय". चक्कर आली तर "सुरुवातीला होतं असं". अशक्तपणा आला तर रस वाढवायचा, पाणी वाढवायचं, आणखी एक फेरी जास्त मारायची. वाईट सवयीनं त्रास झाला की माणूस ती कमी करतो. चांगल्या सवयीनं झाला की तीच वाढवतो. म्हणून ती जास्त दूर घेऊन जाते.

दुसरी बाजूही मी रोज पाहते, आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक बाई दोन वेळचं जेवण आणि चालणं सुरू करण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटल्या. घरी साखर आणि रक्तदाब मोजून वहीत लिहीत गेल्या, वही दर महिन्याला दाखवली, आणि डॉक्टरांनी एकेक गोळी उतरवत आणली. आज त्यांची चिठ्ठी दोन ओळींची आहे. त्यांनी सरांपेक्षा काही निराळं केलं नाही. तेच चालणं, तेच जेवण. फक्त सवय आणि चिठ्ठी दोन्ही बरोबर बदलल्या.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. एका कागदावर तुम्ही जे जे घेता ते लिहा: रस, काढे, पावडरी, कॅप्सूल, मीठ कुठलं, पाणी किती, उपवास कुठले, चालायची वेळ कोणती आणि त्या आधी पोटात काय असतं. तो कागद औषधांच्या चिठ्ठीला टाचून ठेवा. चातुर्मास, पर्युषण, नवरात्र, रोजे सुरू होण्याच्या आठवडाभर आधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. बऱ्याचदा उपवास मोडावा लागत नाही, वेळा बदलता येतात. नवी सवय सुरू केलीत तर पहिल्या महिन्यात एकदा तपासणी करा. वजन चार-पाच किलो उतरलं तर गोळ्यांची मात्रा पुन्हा विचारा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, तीही चूकच. पायाला जाणीव आहे का हे वर्षातून एकदा तपासून घ्या, आणि मधुमेह असेल तर हिरवळीवरसुद्धा चप्पल सोडू नका.

आणि पुढच्या वेळी औषधं घ्यायला जाल तेव्हा काउंटरवरच्या माणसाला तुमची चांगली सवयही सांगा. तो दोन मिनिटं थांबून ऐकत नसेल, तर दुकान बदला.